घाई कशाची न्हाई

आबा, तुमच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर माझा खांदा आला आहे.

गावात शिरताना एसटीच्या थांब्यावरच तो लावलाय. तुम्ही गॉगल घालून हसताय, मागे एक जुनी तोफ आहे आणि तुमच्या डाव्या हाताला हिरव्या पदराचा तुकडा दिसतोय. फोटोतून मला कापायचं काम पोरांना नीट जमलं नाही. येणारे-जाणारे म्हणतात, काय झकास फोटो शोधला, आबा आत्ता बोलतील असं वाटतं. तो फोटो कुठला आणि कोणत्या सकाळचा, हे तुम्हाला आणि मला माहीत होतं. आता मला एकटीलाच माहीत आहे, आणि मला ते गिळून बसायचं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलायची रीत मलाही कळते. ते काम बाकीचे मनापासून करताहेत, त्यात माझी भर नको. तुमच्या धाकट्या भावाची बायको म्हणून मी तुमच्यासमोर कधी आवाज चढवला नाही की डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. शेवटची तीन वर्षं तर कामापुरतंच बोलले. तुम्हाला वाटलं असेल, मंगलचा राग आहे, जाईल. तुम्ही गेलात आबा, तो इथेच आहे.

तीन वर्षांमागच्या त्या उन्हाळ्यात आपल्या सरपंचांनी ठरल्याप्रमाणे राजीनामा दिला होता. आपल्याकडे पाच वर्षांची खुर्ची दोघातिघांत वाटून घेतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुढचा सरपंच सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचा होता, जागा बाईची होती, आणि आपल्या एकट्या घरात दोन बाया सदस्य होत्या. एक तुमच्या अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आणि दुसरी मी. तुम्ही ओट्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणालात, "औंदा मंगल. शिकल्याली हाय, सायबाम्होरं बोलाया भीत न्हाई. अक्काला घरचंच रगाड पुरं हाय." अक्का तिथेच शेंगा फोडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या न बोलण्याला होकार समजले.

मग तुम्ही म्हणालात, "पोरांना सुट्ट्या लागल्यात. चार किल्लं दावू, म्युझियम दावू. आन् तुलाबी जरा लांब ठिवू. हितं ऱ्हायलीस तर समोरचं पॅनेल रोज येऊन डोकं खाईल."

निवडीच्या आधी सदस्यांना सहलीला नेणं मला नवीन नव्हतं. कुणाला देवदर्शनाला नेतात, कुणाला कोकणात. फोन काढून घेतात आणि सभेच्या वेळेला थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरवतात. आपल्या ओट्यावरूनच किती गाड्या अशा गेल्या, त्यांच्या दशम्या मीच बांधून दिल्या. त्यामुळे मला शंका आली नाही. उलट मी हुरळले. आपल्याला पळवून नेताहेत म्हणजे आपण कुणीतरी आहोत, असं वाटलं. उमेदवाराला जपायचं असतं, म्हणून मला जपताहेत, असं वाटलं.

फोन मी आपण होऊन तुमच्या हातात दिला. तुम्ही तो गाडीच्या कप्प्यात टाकलात. ह्यांना कंपनीतून रजा मिळाली नाही. अक्का म्हणाल्या, माझे गुडघे चढाचे नाहीत, आणि गाईंचं कोण बघणार? निघताना त्यांनीच माझ्या हातावर दही घातलं. मी वाकून त्यांच्या पाया पडले, तेव्हा त्यांनी तोंड दुसरीकडे केलं होतं. मला वाटलं, रडू आवरताहेत.

आता एक गोष्ट खरी सांगते, कारण खोटं बोलायची तुमच्याइतकी सवय मला नाही. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. माझा राग तिथूनच सुरू होतो.

तोवर मी काय पाहिलं होतं? माहेर, सासर, शिरूरचा बाजार, आणि दिवाळीला दौंडला नणंदेच्या घरी. शाळेच्या सहलीला बापानं कधी पाठवलं नाही. आणि तुम्ही कवठ्याला येमाईचं दर्शन घेऊन गाडी जुन्नरच्या रस्त्याला लावलीत आणि मला थेट शिवनेरीवर चढवलंत. काठी टेकत तुम्ही सगळ्यांच्या पुढे. प्रत्येक दरवाज्याशी थांबून पोरांना विचारत होतात, "सांगा बरं, ह्यो दरवाजा असा वळनात का बांधलाय?" मग तुम्हीच सांगायचात, हत्तीला धावत येऊन धडक मारायला जागा मिळू नये म्हणून. शत्रू कुठनं येईल ह्याचा इचार आधी करावा लागतो, म्हणायचात. मी मान डोलवत ऐकत होते. शत्रू पुढे काठी टेकत चाललाय, हे माझ्या डोक्यात कुठून यावं?

पुण्यातल्या जुन्या वस्तूंच्या त्या म्युझियममध्ये मी एका फणेरपेटीसमोर थांबले. आरसा, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, सगळं एका पेटीत बसवलेलं. कुणीतरी बाई ती रोज सकाळी उघडत असेल, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. तुम्ही मागून आलात. "आगं चल, बायकांच्या डब्या काय बघायच्या? हत्यारं वर हायेत." तुमचं हे सगळीकडे चालायचं. ऊन व्हायच्या आत चला, गर्दी व्हायच्या आत चला, जेवायच्या आत चला. पाटी वाचायला वाकले की तुमची काठी आपटलीच. मी काचेवरून नजर काढायच्या आत तुम्ही पुढच्या दालनात असायचात. तेव्हासुद्धा मला राग आला नाही. दाखवतात हेच खूप, असं मी मानलं. किती थोडक्यात खूश व्हायचे मी, याचीच आता लाज वाटते.

दौंडला मुक्काम करून आपण पेडगावच्या किल्ल्यात गेलो. मे महिन्याचं ऊन, भीमेच्या काठाला पडलेल्या भिंती, आणि आपल्याशिवाय चिटपाखरू नाही. पोरं पडक्या देवळाच्या सावलीत कलिंगड खात बसली आणि तुम्ही मला वीरगळ वाचायला शिकवलंत. सगळ्यात खाली लढाई, माणूस पडलेला. त्याच्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय. खालून वर वाचायचं, म्हणालात. मी दगडावर हात फिरवत वाचलं आणि मला ते आलं. मी म्हणाले, असे दगड आपल्या मारुतीपुढे पडलेत की, माणसं त्यांच्यावर बसून तंबाखू मळतात.

तुम्ही म्हणालात, "सरपंच झालीस का पयलं त्येच काम कर. त्यान्ला उभं कर, वर पत्रा टाक, बोर्ड लाव. त्ये कोन व्हतं, कशापायी मेलं, गावाला म्हाईत पायजे."

तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आबा. ऊन लागलं म्हणालात. मी अजून त्या डोळ्यांचा विचार करते. ते खोटे होते असं मला म्हणता येत नाही. दगडासाठी तुमच्या डोळ्यांत खरं पाणी येत होतं, आणि त्याच वेळी माझ्याशी काय करायचं ते तुमचं घरून ठरून निघालेलं होतं. अशा माणसाला काय म्हणतात? मला शब्द सापडत नाही, आणि शिवी द्यायची तर नातं आडवं येतं.

शेवटचा मुक्काम नगरला होता. निवडीचा दिवस उजाडला. मी पिशवीत तळाशी जपून ठेवलेली हिरवी साडी काढली. अर्ज भरायला म्हणून शिरूरहून घेतली होती, पहिली घडी मोडली. तुम्ही लॉजच्या जिन्यात होतात. बघितलंत, आणि म्हणालात, "बरी दिसतीय." मग गाडीत बसेपर्यंत तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत.

सभा दोनला होती, ते मी नोटिशीत वाचलं होतं. अर्ज बाराच्या आत द्यायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदाच निवडून आलेली बाई मी, मला कोण सांगणार? सांगायला तुम्ही होतात. मी विचारलंसुद्धा, "आबा, अर्जाचं कसं?" तुम्ही म्हणालात, "त्यो टेबलाव तयार हाय. नुसती सही." आणि गाडी संग्रहालयाच्या फाटकात घातलीत. तिथल्या तोफेपाशी फोटो काढून घेतलात. तोच हा फ्लेक्सवरचा.

आत गेल्यावर मी सवयीनं भराभर चालायला लागले. तेव्हा तुम्ही दाराजवळच्या बाकावर बसलात, काठी मांडीवर आडवी ठेवलीत आणि म्हणालात, "बघ सावकास. घाई कशाची न्हाई."

जन्मात मला हे कुणी म्हणालं नव्हतं. आईनं नाही, ह्यांनी नाही, शाळेत बाईंनी नाही. जेवताना घाई, न्हाताना घाई, बाळंतपणातसुद्धा सुईणीची घाई. आणि तुम्ही, ज्यांनी तीन दिवस काठी आपटत मला पुढे ढकललं, तेच सांगताय, सावकाश बघ. माझा ऊर भरून आला. मी प्रत्येक काचेपुढे उभी राहिले. प्रत्येक पाटी वाचली. नाणी बघितली, बारीक अक्षरातले जुने कागद बघितले, झिजलेल्या मुठीची तलवार बघितली. एका कपाटात आपल्या घरात आहे तसलंच पितळी मापटं होतं आणि खाली 'लोकजीवन' असं लिहिलं होतं. मला हसू आलं. मी रोज घासते ते काचेत ठेवलंय, हे तुम्हाला सांगायला मी बाकापर्यंत आले, आणि तुम्हीही हसलात. मी म्हणाले, "निघायचं का?" तुम्ही म्हणालात, "बघ की आजून. पुन्यांदा कवा येनं व्हनार?" मी परत आत गेले. आपण होऊन गेले आबा, आणि खुशीत गेले.

नंतर तुम्ही सगळ्यांना रस पाजलात. ढाब्यावर जेवायला थांबवलंत, पोरांना आईस्क्रीम घेतलंत. घोडनदीचा पूल आला तेव्हा मी आरशात बघून टिकली नीट केली.

ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर सुमन उभी होती. बौद्धवाडीतून निवडून आलेली, समोरच्या पॅनेलची सदस्य, पण तिनं मला आधीच सांगितलं होतं, "वैनी, तुमी उभ्या ऱ्हात असाल तर आमी कुनी फारम भरत न्हाई." तिच्या हातात कोरा अर्ज होता. मला बघून ती धावतच आली.

"कुठं व्हता वैनी? फोन लावून लावून बोटं दुकली. बाराला टाईम संपला की! तुमची नुसती सही पायजे व्हती. सायबाला किती इनवलं, म्हनला, उमेदवारच न्हाई तर मी काय करू?"

"मग अर्ज कुणाचा आलाय?" मी विचारलं.

तिनं आत बोट दाखवलं. आत अक्का बसल्या होत्या, नवी साडी नेसून, कपाळावर मळवट. त्यांच्यापुढे टेबलावर हार होता.

मी वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही गाडीच्या चाकाला लाथ मारून हवा बघत होतात.

अक्कांचा एकच अर्ज. बिनविरोध. हात वर करायचीसुद्धा वेळ आली नाही. आधी मला वाटलं होतं मी उमेदवार आहे. पायऱ्या चढताना वाटलं, चला, निदान एक मत तरी आहे. तेही लागलं नाही. मला फक्त बाराच्या पुढं नेऊन सोडायचं होतं. मग गुलाल उधळला, डीजे लागला, आणि कुणीतरी माझ्याही डोक्यावर मूठभर टाकला. हिरव्या साडीवरचा तो गुलाल मी किती धुतला तरी निघाला नाही.

तुम्ही मला घरात विचारलं असतंत, मंगल, अक्काची फार इच्छा आहे, तू माघार घे, तर मी घेतली असती. चार दिवस तोंड फुगवलं असतं, पण घेतली असती. हे तुम्हाला माहीत होतं. पण विचारायचं म्हणजे मला 'नाही' म्हणायची जागा ठेवावी लागते, आणि तेवढीच जागा तुम्हाला ठेवायची नव्हती. दुसरीही एक गोष्ट आहे, ती मला जास्त झोंबते. तुम्ही सरळ विचारलं असतंत आणि मी माघार घेतली असती, तर तुम्ही मला सहलीला नेलं असतंत का? नसतंत. शिवनेरी नाही, पेडगाव नाही, ती फणेरपेटी नाही. मी आजही दौंडच्या पलीकडे गेले नसते. तुमचे उपकार आणि तुमचा दगा एकाच गाडीतून आले, आणि मला त्यातलं एक ठेवून दुसरं उतरवता येत नाही. याचा मला भयंकर संताप येतो.

अक्कांनी सरपंचकी केली. म्हणजे तुम्ही केलीत, त्यांनी सह्या केल्या. मारुतीपुढचे वीरगळ अजून तिथेच आडवे आहेत आणि तुमच्या पॅनेलची माणसं त्यांच्यावर बसून तंबाखू मळतात.

नंतर तुमच्या किडन्या गेल्या. शिरूरला डायलिसिसच्या वाऱ्या सुरू झाल्या. तुमचं अळणी जेवण मी केलं, कारण अक्कांच्या हाताला मोजून मीठ घालायची सवय नाही. ताट मी आपटूनच ठेवायचे, तुम्हाला आवाज यायचा. एकदा तुम्ही म्हणालात, "नाशिककडं नाण्यांचं म्युझियम हाय म्हनं. बरा झालो का जाऊ." मी म्हणाले, "डॉक्टरनं पाणी कमी प्यायला सांगितलंय." एकदा म्हणालात, "मंगल, त्या दिशी अक्कानं लईच हट्ट धरला व्हता..." मी वाळत घातलेले पापड काढायला उठून गेले. गावभर शब्द चालणारा माणूस, आणि वेळ आल्यावर बायकोच्या पदराआड लपला. ते वाक्य तुम्ही परत कधी काढलं नाहीत. काढलं असतंत तर मी भांडले असते, आणि भांडून कदाचित मोकळीही झाले असते. तेही तुम्ही होऊ दिलं नाहीत.

रडले मी. तुम्ही गेलात त्या दिवशी खूप रडले. मळ्यातून फोन आला आणि माझ्या हातातलं पीठ खाली पडलं. तुमच्यासाठी रडले की भांडण अर्धं राहिलं म्हणून रडले, ते मला सांगता येत नाही. सुमन भेटायला आली, माझ्याजवळ बसली, आणि जाताना हळूच म्हणाली, "वैनी, औंदा विलेक्शनला फारम पयल्याच दिशी भरू." मला त्या रडण्यात हसू आलं.

आज दहावा झाला. नदीच्या घाटावर मांडव होता, माईक होता. पुढाऱ्यांनी एकेक करून श्रद्धांजली वाहिली. एक म्हणाला, आबांनी राजकारणापायी घर कधी फुटू दिलं नाही. दुसरा म्हणाला, घरच्या लेकी-सुनांना त्यांनी जग दाखवलं. अक्का पदरानं डोळे पुसत होत्या. मी पुसले नाहीत.

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे बाभळीवर येऊन बसायचे, मान वाकडी करून बघायचे आणि तिथेच राहायचे. गुरुजी म्हणाले, मनात काही राहिलं असेल, घरच्यांनी बोला. तुमचा पोरगा बोलला, ऊस वेळेत जाईल, काळजी करू नका. हे बोलले. अक्का बोलल्या. कावळे काही हलेनात. ऊन चढलं, वाळू तापली. पुढाऱ्यांना पुढच्या गावचा दहावा गाठायचा होता, ते मनगटावरचं घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात अक्का माझ्याकडे वळल्या.

"मंगल, तू बोल गं. तुज्यातच जीव आडकलाय त्यांचा. तू मोकळं केलंस तर जातील."

म्हणजे माझ्या मनात काय सलतंय, ते अक्कांना पहिल्यापासून माहीत होतं. सगळा घाट माझ्याकडे बघत होता. मी माफ केलं म्हणायचं, कावळा उतरायचा, आणि लोकांनी जेवायला जायचं, एवढंच राहिलं होतं. परत एकदा सगळं ठरलेलं होतं आणि माझी नुसती सही पाहिजे होती.

मी उठले. पिंडापुढे जाऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर पडला, तो मी पडू दिला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आबा, बसा सावकास. घाई कशाची न्हाई."

मागे कुणीतरी हळहळलं, "काय जीव व्हता बगा दोगांचा." गुरुजींनी पुन्हा काव काव म्हणून हाक दिली. मी परत येऊन मांडवाच्या सावलीला बसले. पुढारी एकेक करून गाड्यांत बसून निघून गेले. पिंडाचा भात उन्हात वाळायला लागला. कावळा फांदीवर बसून होता, आणि मलाही कुठे जायचं नव्हतं.